मुदत पुरी होण्याआधी

सुरतच्या लिंबायतमध्ये पैसे न साठवणारं घर मला क्वचितच भेटलं. बाहेरून येणाऱ्याला हे खरं वाटत नाही. दाटीवाटीच्या गल्ल्या, एका खोलीत सहा माणसं, दारातल्या दोरीवर वाळणारे कपडे बघितले की त्याने ठरवूनच टाकलेलं असतं, की इथे आजचं आज आणि उद्याचं उद्या. मी पोस्टाच्या आरडीची एजंट आहे. या गल्ल्यांमधून घरोघरी हप्ते गोळा करणं हे माझं काम. मला दिसतं ते वेगळंच. बाई दोन-दोन भिशींत असते, पोस्टात तिची आरडी असते, सोनाराकडे हप्ता चालू असतो, मुलीच्या नावाने सुकन्या असते आणि नवऱ्याने डिंडोली नाहीतर गोडादऱ्याकडे प्लॉटचं बयाणं दिलेलं असतं. पगाराच्या मानाने पाहिलं तर ही माणसं ऑफिसातल्या साहेबांपेक्षा जास्त मागे टाकतात. फक्त त्यातलं काहीही साठीनंतरचं नसतं.

आम्ही सगळे खानदेशातले. धुळे, नंदुरबार, जळगाव; ताप्ती लाइनच्या गाडीत बसलं की सरळ सुरत. १९७२ च्या दुष्काळानंतर बरीच घरं उठली, त्यात माझे सासरे. ते लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात लागले, मग भावाला आणलं, भावाने मेव्हण्याला. लिंबायत, नवागाम, उधना या पट्ट्यात आज तुम्ही अहिराणी बोलत भाजी घेऊ शकता आणि श्रावणात कानबाईची मिरवणूक बघू शकता. माझं माहेर अमळनेर तालुक्यात. लग्न होऊन इथे आले तेव्हा गुजराती वाचता येत नव्हतं, आता पासबुकावरची कोणती गुजराती सही कोणाची, ते मी नाव न बघता ओळखते.

एजन्सीचं पूर्ण नाव महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना. १९७२ सालीच सुरू झाली आणि एजंट फक्त बायका. पाच वर्षांची आरडी, साठ हप्ते, जमा केलेल्या रकमेवर आम्हाला ४ टक्के कमिशन. ऑक्टोबर २०२३ पासून व्याज ६.७ टक्के आहे. म्हणजे महिन्याला १,००० भरले तर ६०,००० चे ७१,३६६ होतात. १५ तारखेच्या आत उघडलेल्या खात्याचा हप्ता १५ च्या आत, नंतर उघडलेल्याचा महिनाअखेरपर्यंत. मिलचे पगार १० तारखेच्या आगेमागे होतात, म्हणून ११ ते १४ हे माझे धावपळीचे दिवस. पैसे जमले की रात्री पोर्टलवर लिस्ट चढवायची आणि दुसऱ्या दिवशी पोस्टात रांग.

मी संध्याकाळी पाचनंतर निघते, कारण तोवर बायका हातातलं काम संपवायला आलेल्या असतात. इथे घराघरांत साडीचं काम चालतं. खाटलीवर साडी ताणलेली असते, चार बाजूंनी चार बाया बसतात, एकीच्या हातात गमची बाटली, बाकीच्या चिमटीने टिकल्या चिकटवतात. ठेकेदार साडीमागे ठरलेले पैसे देतो. आता या कामात बाईचा हात मोकळा नसतो. ती म्हणते, ‘ताई, त्या डब्याखालून घ्या.’ मी डबा उचलते, नोटा मोजून दाखवते, कार्डावर रक्कम लिहिते, सही करते आणि तिचं बोट गमचं असलं तर तिची सही पुढच्या महिन्यावर. पासबुकं बहुतेक घरांत फळीवर सर्वांत वर, प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवलेली असतात. पावसाळ्यात मिठी खाडीचं पाणी घरात शिरतं, तेव्हा आधी गॅसची टाकी पलंगावर आणि मग ही पिशवी शेजारच्या माळ्यावर जाते.

इतकी वर्षं हे केल्यावर माझ्या एक ध्यानात आलं आहे. इथल्या प्रत्येक रुपयाला मुहूर्त असतो. आरडी उघडताना बाईला विचारा, कशासाठी? ती लगेच सांगते: पोरगी तेव्हा अठराची होईल. नणंदेचं लग्न आहे. पोऱ्याची बारावी. वरचा स्लॅब. आरडीची मुदत आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आगेमागे सुटावी म्हणून काही बाया खातं कधी उघडायचं तो महिनासुद्धा मोजून ठरवतात, कारण लग्नसराई तेव्हाच, गावाला जायचं तेव्हाच. म्हातारपणाला मात्र मुहूर्त नाही. त्याची पत्रिका छापत नाहीत, त्याला वऱ्हाड येत नाही, त्यामुळे त्याच्या नावाने कोणी खातं उघडत नाही. ‘बठ्ठा पैसा लगीनमा गया वो माय,’ असं एक जण मला सांगते तेव्हा तिच्या बोलण्यात खंत थोडी आणि अभिमान जास्त असतो, आणि तो अभिमान खोटा नाही. तिने लग्न कर्ज न काढता केलेलं असतं.

वयाप्रमाणे हे कसं बदलतं तेही दिसतं. नवीन लग्न झालेली जोडपी सर्वांत चांगली बचत करतात; दोघं कमावतात, भाडं एका खोलीचं, आणि सगळं सोन्यात. पोरं शाळेत गेली की सोनं बँकेत गहाण पडतं आणि खोली विकत घेतली जाते. मधली वीस वर्षं घर आणि पोरं खातात, त्यावर फार सांगण्यासारखं नाही. खरा प्रश्न पंचेचाळीसला सुरू होतो. लूमवर बारा-बारा तास उभ्याने काढलेल्या माणसाचे कान गेलेले असतात, गुडघे बोलायला लागलेले असतात. डाइंग मिलमध्ये जेट मशीनवर काम केलेल्याला दम लागतो. खात्यात नवीन पोरं आलेली असतात, ती जास्त ताके काढतात. शेठ काढून टाकत नाही, पण मशीन बदलून देतो, आणि मग कमाई कमी होते. कागदावर निवृत्तीचं वय ५८. लिंबायतमध्ये ते त्याआधी दहा वर्षं हळूहळू येतं, आणि त्या दिवशी कोणी नारळ देत नाही.

अशा माणसाच्या हाती काय असावं, तर प्रॉव्हिडंट फंड. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्याला तो लागू आहे. लूमची बरीच खाती कागदावर लहान लहान फर्ममध्ये वाटलेली असतात, तिथे हा विषयच नाही. पगार रोख, वहीत सही. प्रोसेस मिलमध्ये कायम हजेरीवर असलेल्यांचा पीएफ कापला जातो. बारा टक्के कामगाराचे, बारा मालकाचे, आणि मालकाच्या बारातले ८.३३ पेन्शनमध्ये, १५,००० च्या पगाराच्या मर्यादेत. ही पेन्शन १६ नोव्हेंबर १९९५ पासूनची. दहा वर्षं नोकरी भरली तर ५८ व्या वर्षी सुरू होते. हिशेब सोपा आहे: पगाराची सरासरी गुणिले नोकरीची वर्षं, भागिले सत्तर. १२,००० ची सरासरी आणि १५ वर्षं असतील तर महिन्याला २,५७१ रुपये. रक्कम फार नाही. पण लिंबायतमध्ये एका खोलीचं भाडं त्यात निघतं, आणि नवऱ्याच्या मागे बायकोलाही थोडी मिळत राहते.

आता ही दहा वर्षं भरत का नाहीत? माणसं दहा वर्षं काम करत नाहीत असं नव्हे. तीस-तीस वर्षं करतात. पण दिवाळीला मिल बंद झाली, गावाला गेले, परत येऊन दुसऱ्या मिलमध्ये चार पैसे जास्त मिळाले की तिकडे. मधे दोन महिने रिकामे दाखवले की जुन्या मिलचा पीएफ काढता यायचा. फॉर्म १९ फंडासाठी आणि १०सी पेन्शनच्या भागासाठी. त्या १०सीवर दोन रस्ते होते: पैसे घ्या, नाहीतर स्कीम सर्टिफिकेट घ्या आणि झालेली वर्षं पुढच्या नोकरीला जोडा. सर्टिफिकेट घेतलेला माणूस मी माझ्या गल्लीत पाहिलेला नाही. पैसे घेतले की वर्षं शून्यावर. चार वर्षं, शून्य. सहा वर्षं, शून्य. माझ्या नवऱ्याचा दोनदा असाच निघाला, त्यात आमच्या वरच्या खोलीचा स्लॅब पडला. त्या खोलीत पुढे दीर राहिला आणि मग पोरं शिकली, तेव्हा त्या पैशांना मी वाया गेले म्हणणार नाही. २०१४ मध्ये यूएएन आला, एकच नंबर आयुष्यभर, तेव्हापासून पीएफ काढायचे फॉर्म भरून देणारी दुकानं थोडी थंडावली.

यूएएनने वेगळंच प्रकरण बाहेर काढलं. गुजरातमध्ये नावाला ‘भाई’ आणि ‘बेन’ जोडायची रीत आहे. शाळेचा दाखला खानदेशातला, त्यावर नुसतं नाव. आधार सुरतला निघालं, त्यावर नावापुढे भाई. मिलच्या क्लार्कने पगारपत्रकात तिसरंच लिहिलं, जन्मतारीख बहुतेकांची १ जून. हे जुळल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. माझ्याकडे माणसं आरडीपेक्षा या कामासाठी जास्त येतात, आणि मी सायबर कॅफेवाल्याकडे पाठवण्याआधी तिन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर अक्षर वाचते.

आरडीबद्दल एक गोष्ट मी ग्राहकांना स्वतःहून सांगत नाही, विचारलं तर सांगते. पीपीएफ ही पंधरा वर्षांची योजना १९६८ पासून आहे. एप्रिल २०२० पासून तिचा दर ७.१ टक्के. दर एप्रिलच्या सुरुवातीला १२,००० टाकत गेलं आणि दर असाच राहिला, तर पंधरा वर्षांनी सव्वातीन लाखांच्या आसपास होतात, आणि मधे सहजासहजी हात लागत नाही. म्हातारपणासाठी ही आरडीपेक्षा कितीतरी बरी. पण २०११ मध्ये श्यामला गोपीनाथ समितीचा अहवाल आला आणि त्या डिसेंबरपासून पीपीएफवरचं एजंटांचं कमिशन बंद झालं, ज्येष्ठ नागरिकांच्या योजनेवरचंही. आरडीवरचं ४ टक्के राहिलं. म्हणजे पाच वर्षांची योजना घेऊन मी उन्हातान्हात चौथ्या मजल्यावर चढते, आणि पंधरा वर्षांची योजना घेऊन त्या जिन्याने कोणीच चढत नाही. समितीत बसलेल्यांनी खर्च वाचवला असेल. लिंबायतच्या बाईपर्यंत मात्र तीच वस्तू पोचते जी पोचवणाऱ्याला काही सुटतं.

मग ९ मे २०१५ ला अटल पेन्शन सुरू झाली. अठरा ते चाळीस वयाच्यांना, साठीनंतर महिन्याला १,००० ते ५,००० ची हमी. वयाप्रमाणे हप्ता. ५,००० च्या पेन्शनसाठी अठराव्या वर्षी २१० रुपये, पंचविसाव्या वर्षी ३७६, पस्तिसाव्या वर्षी ९०२, आणि चाळिसाव्या वर्षी १,४५४. हा तक्ता मी माझ्या पिशवीत ठेवायला लागले, कारण उशीर म्हणजे काय हे त्या चार आकड्यांत जितकं लख्ख दिसतं तितकं माझ्या बोलण्याने कधीच दिसलं नसतं. मी स्वतः तेव्हा एकोणचाळीसची होते. एका वर्षाने दार बंद झालं असतं. घरच्या ओढाताणीत २,००० च्या पेन्शनचा ५२८ चा हप्ता बसला, तो घेतला. एजंटला ना पीएफ, ना ग्रॅच्युइटी. आम्ही पोस्टाच्या नोकर नाही, अल्पबचतीचा परवाना असलेल्या बाया.

बायकांना ही योजना पटवताना मला फार गंमत वाटली. पेन्शनचं कोणालाच अप्रूप नव्हतं. ‘साठीपर्यंत कोण जगलंय?’ हा पहिला प्रश्न. दुसरं उत्तर म्हणजे, ‘मना पोऱ्या हाऊच मनी पेन्शन शे.’ त्यावर बोलण्यात अर्थ नसतो. पण आपल्यामागे नवऱ्याला तेवढीच पेन्शन आणि दोघांच्या मागे पोरांना रक्कम मिळते, १,००० च्या पेन्शनला १ लाख ७० हजार, ५,००० ला साडेआठ लाख, हे सांगितलं की बाई सरसावून बसते. स्वतःच्या म्हातारपणासाठी जे खातं ती उघडणार नव्हती, ते पोरांना मागे ठेवायचं म्हणून उघडते. मी तिचा समज दुरुस्त करत नाही. कोणत्याही कारणाने का होईना, हप्ता सुरू झाला.

सुरू झाला तरी चालू राहणं अवघड. हा हप्ता बँकेच्या खात्यातून आपोआप जातो, आणि इथल्या बाईच्या खात्यात पैसे टिकायला हवेत. एटीएम नवऱ्याकडे, फोनवरचं पेमेंट पोराकडे. शिल्लक नसली की १०० रुपयांच्या हप्त्यामागे महिन्याला १ रुपया दंड चढत जातो. आरडीचा हप्ता मी दारात जाऊन घेते, म्हणून तो पोचतो. बँकेचा हप्ता घ्यायला दारात कोणी येत नाही. मार्च २०१९ मध्ये अहमदाबादच्या वस्त्रालमध्ये पंतप्रधानांनी श्रमयोगी मानधन योजना सुरू केली, तीही याच बायांसाठी होती, घरी बसून काम करणाऱ्यांसाठी: एकोणतिसाव्या वर्षी महिन्याला १०० रुपये, सरकारचे तेवढेच, साठीनंतर ३,००० पेन्शन. माझ्या ओळखीच्या ज्यांनी उघडली त्यांतल्या बऱ्याच जणींचा हप्ता पुढच्याच वर्षी थांबला.

पुढचं वर्ष म्हणजे २०२०. मिल बंद, मार्केट बंद, साडीचं काम बंद. मार्चअखेरीस सरकारने पीएफमधून तीन महिन्यांचा पगार किंवा शिलकीच्या ७५ टक्के, यांतलं जे कमी असेल ते काढायला दिलं. लिंबायतमध्ये तो पैसा किराण्यात आणि भाड्यात गेला. त्या दिवसांत मी हप्ते मागायला गेले नाही. उलट मुदतीआधी आरडी मोडायची असेल तर तीन वर्षं पूर्ण हवीत, बारा हप्ते झाले असतील तर निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं, हे फोनवर सांगत बसले. म्हणून पैशाला कुलूप लावा असं मी कोणाला छातीठोक सांगू शकत नाही. ज्यांचे पैसे हाताला लागले त्यांचं चूल-पाणी चाललं.

१३ ऑक्टोबर २०२५ ला पीएफच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने ठरवलं की २५ टक्के रक्कम खात्यात कायम राहील. नोकरी गेल्यावर सगळा फंड दोन महिन्यांऐवजी बारा महिन्यांनी आणि पेन्शनचे पैसे छत्तीस महिन्यांनी काढता येतील. बाकीचे ७५ टक्के काढणं सोपं केलं. बातमी मोबाइलवर आली त्या संध्याकाळी चहाच्या टपरीवर पुरुषमंडळी तापलेली. ‘आमचा पैसा, आमची गरज, सरकार कोण लागून गेलं?’ माझे शेजारी, मिलमध्ये फोल्डिंगला असलेले एक आप्पा, एकटेच गप्प होते. त्यांनी तीन मिल बदलल्या, तिन्ही वेळा काढले, आणि आता पंचावन्नाव्या वर्षी चौथ्या मिलमध्ये त्यांच्या नावावर नऊ वर्षं जमा आहेत. ‘अजून एक काढतो,’ एवढंच म्हणाले. मला विचाराल तर छत्तीस महिन्यांची अट मला पटते, बारा महिन्यांची पटत नाही. पेन्शनची वर्षं मोडू नयेत हे बरोबर. पण मिल बंद पडलेल्या माणसाला आपलेच उरलेले पैसे वर्षभर दुरून दाखवायचे, हे ठरवणाऱ्यांनी कधी भाड्याच्या खोलीत दिवस काढलेले नसावेत.

लिंबायतची खरी पेन्शन वेगळीच आहे, आणि ती विटांची आहे. बारा फुटी रुंदीचं घर, खाली आपण, वर एकावर एक खोल्या, त्यात यूपी-ओडिशाची पोरं भाड्याने. एकाच खाटेवर दिवसपाळीचा रात्री झोपतो आणि रातपाळीचा दिवसा. आमच्या मागच्या गल्लीतल्या एक विधवा मावशी अशाच तीन खोल्यांवर जगतात. मे २०२० मध्ये पोरं श्रमिक गाड्यांनी गावाला गेली आणि तिन्ही खोल्या कित्येक महिने रिकाम्या राहिल्या. मावशींनी तेव्हा बांगड्या विकल्या. दोन वर्षांपूर्वी माहेरच्या शेताच्या वाटणीचे चार लाख त्यांना मिळाले, हक्कसोडीवर सही न केल्यामुळे. मला बोलावून म्हणाल्या, ‘आरडी काढ.’ मी म्हटलं, आरडी नको, तुमचं वय साठच्या वर आहे, ज्येष्ठ नागरिकांच्या योजनेत टाका, ८.२ टक्के, दर तिमाहीला व्याज हातात, दोन लाखांवर ४,१०० रुपये.

मावशींनी चष्मा पुसला. ‘यात तुला किती सुटतात?’

‘काही नाही.’

‘मग कशाला सांगतेस?’ म्हणाल्या, आणि माझ्याकडे जरा संशयानेच बघितलं. शेवटी निम्मे पैसे त्यांनी योजनेत टाकले. उरलेल्या दोन लाखांचा जिना त्यांनी आणखी एका मजल्यावर चढवला, आणि चौथी खोली दिवाळीनंतर भाड्याने गेली.